एकतर्फी प्रक्षेपण : हौशी बिनतारी केंद्रांचे नियम व त्यांमागील विचार
(इयत्ता सहावी ते आठवीसाठी सामान्य विज्ञान व नागरिकशास्त्र यांचा संयुक्त पाठ)

पाठाचे प्रयोजन

बिनतारी संदेशवहन हा विषय विज्ञानाच्या पुस्तकात येतो आणि नियमपालन हा नागरिकशास्त्राच्या पुस्तकात. दोन्ही पुस्तके एकाच दप्तरात असली तरी विद्यार्थ्याच्या मनात या दोन विषयांची गाठ क्वचितच पडते. एखादा नियम शासनाने का केला, त्यातून कोणाचे हित साधते आणि सवलती देताना कोणता विचार केला जातो, हे विद्यार्थ्यास एका मूर्त उदाहरणाने समजावे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे. उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हौशी बिनतारी केंद्रांच्या नियमांचे घेतले आहे. हे नियम सुस्पष्ट आहेत, त्यांचा इतिहास ज्ञात आहे आणि त्यांत शिक्षकांसाठी म्हणून ठेवलेली एक वेगळी तरतूदही आहे.

पाठास दोन तासिका पुरतात. खडू, फळा व प्रत्येक विद्यार्थ्याजवळ कोरा कागद यांखेरीज कोणतेही साहित्य लागत नाही.

प्रस्तावना : हाक, संभाषण आणि दवंडी

शिक्षकांनी पाठाचा आरंभ गावातील परिचित गोष्टींपासून करावा. नदीच्या पैलतीरी असलेल्या नावाड्यास कोणी “अहो तात्या, नाव आणा हो!” अशी आरोळी देतो. तात्यांचे उत्तर आले की आरोळी संपते व बोलणे सुरू होते. ही झाली हाक. पारावर दोघे बसून पिकापाण्याविषयी बोलतात. एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो, मग दुसरा बोलतो. हे झाले संभाषण. तिसरा प्रकार दवंडीचा. हलगी वाजवीत जाणारा मनुष्य “ऐका हो ऐका” म्हणून मजकूर सांगतो व पुढच्या आळीस निघून जातो. कोणी ऐकले, कोणास समजले, कोणास काही विचारावयाचे आहे काय, याची तो वाट पाहत नाही. त्याचे काम सांगण्याचे.

या तीन प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात ऐकणाऱ्यास उत्तर देता येते, असा प्रश्न वर्गास विचारावा. विद्यार्थी स्वतःच भेद सांगतात. जे बोलणे एकाच बाजूने होते आणि ज्यास उत्तराची अपेक्षा नसते, ते एकतर्फी बोलणे होय. हेच बिनतारी यंत्रावरून झाले म्हणजे त्यास एकतर्फी प्रक्षेपण म्हणावयाचे.

हौशी केंद्र म्हणजे काय?

नभोवाणी केंद्र आणि हौशी केंद्र यांत विद्यार्थ्यांचा घोटाळा होण्याचा संभव असतो, तो प्रथम दूर करावा. नभोवाणी केंद्र हजारो श्रोत्यांसाठी कार्यक्रम प्रक्षेपित करते. श्रोत्यांच्या घरी केवळ ग्राहकयंत्र असते. हौशी केंद्र चालविणाऱ्याच्या घरी मात्र ग्राहक आणि प्रक्षेपक ही दोन्ही यंत्रे असतात. तो आपल्यासारख्याच दुसऱ्या हौशी चालकाशी बोलतो, मग तो शेजारच्या गावी असो वा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास. त्यास परीक्षा द्यावी लागते, परवाना घ्यावा लागतो आणि मिळालेला ओळखसंकेत उच्चारावा लागतो. अमेरिकेच्या नियमांनुसार हा संकेत बोलणे चालू असता निदान दर दहा मिनिटांनी एकदा आणि बोलणे संपताना पुन्हा एकदा सांगणे बंधनकारक आहे. या कामाचे त्यास पैसे मिळत नाहीत; मिळू नयेत असाच नियम आहे. ‘हौशी’ या शब्दाचा येथील अर्थ हाच. विद्येची आवड हेच त्याचे वेतन.

अमेरिकेत 1934 च्या दळणवळण कायद्याने संघीय दळणवळण आयोग स्थापन झाला. हौशी केंद्रांविषयीचे नियम या आयोगाच्या नियमावलीच्या सत्त्याण्णवाव्या भागात एकत्र केलेले आहेत. संकटकाळी दळणवळणाची सोय व्हावी, बिनतारी विद्येची प्रगती व्हावी, देशात कुशल चालक व तंत्रज्ञ तयार असावेत आणि निरनिराळ्या राष्ट्रांतील लोकांत सद्भाव वाढावा, असे या सेवेचे हेतू त्या भागाच्या आरंभीच सांगितले आहेत. पुढील सर्व नियम या हेतूंच्या प्रकाशात वाचावे लागतात.

नियमाचा पूर्वेतिहास

बिनतारी विद्येच्या प्रारंभकाळी कोणीही उठावे आणि प्रक्षेपण करावे, अशी स्थिती होती. 1912 च्या एप्रिल महिन्यात टायटॅनिक हे जहाज बुडाले आणि बिनतारी संदेशांचे महत्त्व जगास पटले. त्याचबरोबर बेशिस्त प्रक्षेपणाचा धोकाही ध्यानी आला. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा होऊन परवाना आवश्यक ठरला आणि हौशी मंडळींना 200 मीटर व त्याहून आखूड लहरींवर धाडण्यात आले. त्या काळी या लहरी निरुपयोगी समजल्या जात. पुढे याच आखूड लहरींनी अल्प शक्तीत महासागर ओलांडता येतात असे दिसून आले, हा भाग निराळा.

दुसरी घटना पिट्सबर्ग शहराजवळची आहे. वेस्टिंगहाउस कंपनीतील अभियंता फ्रँक कॉनराड हा आपल्या घरच्या गॅरेजमधून प्रयोगार्थ प्रक्षेपण करीत असे. 1919 साली चाचणीसाठी सतत बोलण्याऐवजी त्याने ध्वनिक्षेपकापुढे ग्रामोफोनची तबकडी लावली. ऐकणाऱ्या हौशी मंडळींना ती फार आवडली. अमुक गाणे लावा, तमुक वेळी लावा, अशी पत्रे येऊ लागली. तेव्हा त्याने ठराविक दिवशी ठराविक वेळी तबकड्या वाजविण्यास आरंभ केला. स्थानिक दुकानदाराने तबकड्या पुरविल्या आणि त्याबदली दुकानाचे नाव प्रक्षेपणात येऊ लागले. हे पाहून कंपनीने स्वतःचेच केंद्र काढले आणि 2 नोव्हेंबर 1920 रोजी केडीकेए या केंद्रावरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल लोकांना ऐकविले.

दोघांच्या बोलण्यासाठी असलेल्या साधनाचे रूपांतर सर्वांना ऐकविण्याच्या साधनात कसे होते, हे या हकिगतीवरून दिसते. त्यात कॉनराडचा काही अपराध नव्हता. त्यावेळी तसा नियमच नव्हता. परंतु त्याचे अनुकरण शेकडो ठिकाणी होऊ लागले आणि जो तो तबकड्या लावू लागला, तेव्हा कोणाचेच धड ऐकू येईना. अखेर 1922 च्या जानेवारीत अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने हौशी केंद्रांना हवामान, बाजारभाव, संगीत, भाषणे, बातम्या इत्यादींचे सार्वजनिक प्रक्षेपण करण्यास मनाई केली. नभोवाणी केंद्रे वेगळी झाली आणि हौशी केंद्रे वेगळी झाली. आजचा नियम या घटनेचा वारसा सांगतो.

मूळ नियम

फळ्यावर पुढील सारांश लिहावा :

“हौशी केंद्राने कोणत्याही प्रकारचे सार्वजनिक प्रक्षेपण करू नये. नियमांत स्पष्टपणे सांगितले असेल तेवढेच एकतर्फी प्रक्षेपण करावे. एरवी करू नये.”

येथे दोन शब्दांच्या व्याख्या विद्यार्थ्यांकडून नीट समजावून घ्याव्यात. सर्वसाधारण जनतेने ऐकावे या हेतूने प्रत्यक्ष किंवा दुसऱ्या केंद्राच्या द्वारा केलेले प्रक्षेपण म्हणजे सार्वजनिक प्रक्षेपण. ‘हेतूने’ हा शब्द अधोरेखित करावा. हौशी चालकांचे बोलणे कोणासही आपल्या ग्राहकयंत्रावर ऐकता येते. किंबहुना अर्थ लपविण्यासाठी सांकेतिक भाषा वापरण्याचीही त्यांना सर्वसाधारणपणे मनाई आहे. तेव्हा इतरांस ऐकू येणे हा दोष नव्हे. इतरांस ऐकविण्यासाठी बोलणे हा दोष होय. पारावरचे बोलणे वाटसरूच्या कानी पडते म्हणून ते दवंडी ठरत नाही.

दुसरी व्याख्या निवेदनाची. केवळ हौशी चालकांना उद्देशून केलेले आणि ज्यातील सर्वच्या सर्व मजकूर हौशी सेवेशी प्रत्यक्ष संबंधित आहे, असे कथन म्हणजे निवेदन. या व्याख्येचा उपयोग पुढे येईल.

सवलती आणि त्यांची कारणे

नियमात एकतर्फी प्रक्षेपणाचे सात प्रकार मान्य केले आहेत. शिक्षकांनी केवळ यादी पाठ करून घेऊ नये. प्रत्येक सवलतीचे कारण विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे.

1. यंत्र जुळविण्यासाठी थोडा वेळ केलेले प्रक्षेपण. भजनाच्या आधी तबला व तंबोरा लावून घेतात. तो वेळ गाण्याचा नसतो, पण त्यावाचून गाणे होत नाही. तथापि ‘थोडा वेळ’ ही अट महत्त्वाची आहे. तासभर ठोकठोक चालली तर मंडळी उठून जातील. दीर्घ चाचणी करावयाची असल्यास एरियलच्या जागी योग्य तो प्रतिरोध जोडतात; मग शक्ती उष्णतेच्या रूपाने त्यातच जिरते व बाहेर कोणास उपद्रव होत नाही.

2. दुसऱ्या केंद्राशी बोलणे सुरू करण्यासाठी केलेली हाक. हौशी चालक ‘सीक्यू’ ही अक्षरे काही वेळा उच्चारून आपला ओळखसंकेत सांगतो व उत्तरासाठी थांबतो. नावाड्यास दिलेल्या आरोळीसारखीच ही गोष्ट आहे. आरोळी एकतर्फी असली तरी तिचा हेतू संभाषणाचा असतो.

3. दूरनियंत्रण. दूरच्या यंत्रास आज्ञा देणे एकतर्फीच असावयाचे. बैल हाकणारा बैलाकडून उत्तराची अपेक्षा करीत नाही. बिनतारी यंत्राने चालणारी खेळण्यातील विमाने व नौका यांसाठी वेगळा नियम आहे. त्यासाठी प्रक्षेपकाची शक्ती एक वॉटपेक्षा अधिक असता कामा नये. आज्ञा केवळ त्या खेळण्यास असल्याने प्रत्येक वेळी ओळखसंकेत सांगावा लागत नाही. मात्र प्रक्षेपकावर संकेत, मालकाचे नाव व पत्ता चिकटविलेला असावा लागतो.

4. संकटकाळच्या दळणवळणासाठी आवश्यक असलेले प्रक्षेपण. पूर आला असता उत्तराची वाट पाहत बसणे शक्य नसते. येथे जीवित व मालमत्ता यांचे रक्षण हाच सर्वश्रेष्ठ नियम.

5. मोर्स लिपी शिकणाऱ्यांना साहाय्य करण्यासाठी केलेले प्रक्षेपण. अमेरिकेत हौशी परवान्यासाठी मोर्स लिपीची परीक्षा 2007 साली रद्द झाली. तरीही ही सवलत कायम राहिली. परीक्षा गेली म्हणून शिकवणे थांबवावे, असे नियम करणाऱ्यांस वाटले नाही. शिक्षकांनी हा मुद्दा अवश्य ध्यानी घ्यावा.

6. हौशी चालकांसाठी निवेदन. परीक्षेची तारीख, नवा उपग्रह, नियमांतील बदल अशा मजकुरास येथे जागा आहे. गावच्या निवडणुकीच्या बातमीस नाही. कारण निवेदनाची वर दिलेली व्याख्या तीत बसत नाही.

7. दूरमापन. दूर ठेवलेल्या उपकरणाने आपले मोजमाप स्वतःच कळविणे. याचे सुंदर उदाहरण ऑस्कर-1 या पहिल्या हौशी उपग्रहाचे आहे. हौशी मंडळींनी बांधलेला, सुमारे साडेचार किलोग्रॅम वजनाचा हा उपग्रह 12 डिसेंबर 1961 रोजी अमेरिकेतून दुसऱ्या एका मोठ्या उपग्रहाबरोबर अवकाशात गेला. त्याचा प्रक्षेपक एका वॉटच्या सातव्या हिश्श्याइतकाच होता. मोर्स लिपीत तो केवळ ‘एच’ व ‘आय’ ही दोन अक्षरे, म्हणजे आधी चार बिंदू व मग दोन बिंदू, पुनःपुन्हा उच्चारीत असे. परंतु या उच्चाराची गती उपग्रहाच्या आतील उष्णतामानाप्रमाणे बदलत असे. त्यामुळे घड्याळ लावून बिंदू मोजणाऱ्या मनुष्यास उपग्रह किती तापला आहे हे घरबसल्या कळे. सुमारे बावीस दिवस तो बोलत राहिला आणि 28 देशांतील साडेपाचशेहून अधिक हौशी चालकांनी त्याची नोंद कळविली.

या सातांखेरीज नियमावलीत अन्यत्र काही परवानग्या आहेत. त्यांतील बीकन म्हणजे मार्गदर्शक केंद्रांची परवानगी सांगण्यासारखी आहे. समुद्रकिनाऱ्यावरील दीपगृह जसे कोणाशी बोलत नाही, पण त्याच्या प्रकाशावरून खलाशास आपले स्थान कळते, तसे हे केंद्र आपला संकेत ठराविक वेळी सोडते. तो कोठवर ऐकू येतो यावरून त्या घटकेस लहरी कोणत्या दिशेस किती दूर पोचत आहेत हे समजते. अमेरिकेत अशा केंद्राची शक्ती 100 वॉटपेक्षा अधिक असू शकत नाही. हौशी संघटनांनी जगात अशा 18 केंद्रांची साखळी आखली व तीत कोलंबो येथील केंद्राचाही समावेश केला. प्रत्येक केंद्राने एका कंप्रतेवर दहा सेकंद संकेत सोडावयाचा आणि गप्प बसावयाचे. मग दुसऱ्याने सोडावयाचा. अठरा केंद्रांची एक फेरी किती मिनिटांत पुरी होईल, हे गणित विद्यार्थ्यांकडून सोडवून घ्यावे. (उत्तर : 180 सेकंद, म्हणजे 3 मिनिटे.) पाळीने बोलण्याचा याहून चांगला धडा शोधूनही सापडणार नाही.

मनाई आणि शिक्षकांसाठीची तरतूद

हौशी केंद्रावरून संगीत ऐकविता येत नाही. नभोवाणीचे कार्यक्रम पुन्हा प्रक्षेपित करता येत नाहीत. शासकीय केंद्राने लोकांसाठी दिलेला हवामानाचा अंदाज यांसारखे मोजके अपवाद आहेत. नभोवाणीसाठी बातम्या गोळा करण्याच्या कामीही हे केंद्र वापरता येत नाही. मात्र मनुष्याच्या जिवाशी किंवा मालमत्तेच्या रक्षणाशी थेट संबंध असलेली माहिती, दुसरे कोणतेही साधन हाताशी नसल्यास, लोकांना सांगण्यासाठी नभोवाणी केंद्रास देता येते.

वेतन घेऊन हौशी केंद्र चालविण्यास मनाई आहे, हे वर आलेच आहे. या मनाईतून नियमकर्त्यांनी शिक्षकास वगळले आहे. शिक्षणसंस्थेत वर्गाच्या अध्यापनाचा भाग म्हणून शिक्षक हौशी केंद्र वापरीत असेल, तर त्या वेळेचे अध्यापनाचे वेतन त्याने घेणे हा नियमभंग ठरत नाही. अध्यापन हा धंदा असूनही विद्येच्या प्रसारास बाधक नाही, असा विश्वास या तरतुदीत दिसतो.

दुसरा अपवाद मोर्सचे धडे व निवेदने देणाऱ्या मंडळाच्या केंद्राचा आहे. कनेक्टिकट राज्यातील न्यूइंग्टन येथे अमेरिकन हौशी संघटनेचे डब्ल्यू-वन-ए-डब्ल्यू हे प्रसिद्ध केंद्र असे कार्य करीत आले आहे. अशा केंद्राच्या चालकास या कामापुरते वेतन घेता येते. पण त्यासाठी अटी कडक आहेत. केंद्राने आठवड्यातून किमान 40 तास असे प्रक्षेपण केले पाहिजे, निदान सहा पट्ट्यांवर केले पाहिजे आणि वेळा व कंप्रता यांचे पत्रक 30 दिवस आधी प्रसिद्ध केले पाहिजे. ज्यास एकतर्फी बोलण्याची मुभा दिली, त्याने केव्हा व कोठे बोलणार हे आगाऊ सांगितले पाहिजे, हे यातील तत्त्व आहे.

नियमाची आवश्यकता : एक गणित

“आकाश एवढे मोठे, मग एकाने गाणे लावले तर काय बिघडले?” असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील, तो विचारावा अशीच अपेक्षा आहे. त्याचे उत्तर अंकगणिताने द्यावे. अमेरिकेत हौशी चालकांचा 40 मीटरचा पट्टा 7,000 ते 7,300 किलोहर्ट्झ असा आहे. त्यातील ध्वनीसाठीचा भाग 7,125 ते 7,300 म्हणजे 175 किलोहर्ट्झ. एका बोलण्यास साधारण 3 किलोहर्ट्झ जागा लागते. 175 भागिले 3 केले असता उत्तर 58 येते. म्हणजे तेथे एका वेळी अठ्ठावन्नच संभाषणे एकमेकांस न अडविता होऊ शकतात. रात्री या पट्ट्यावरील लहरी शेकडो, कधी हजारो किलोमीटर जात असल्याने या अठ्ठावन्न जागा एखाद्या गावाच्या नसून विस्तीर्ण प्रदेशाच्या समाईक असतात.

गावच्या पाणवठ्यास चार पायऱ्या असाव्यात आणि एकाने एक पायरी दिवसभर अडवून बसावे, तसे हे आहे. त्यातही मोठा भेद असा की, दोघे बोलत असता मध्ये विराम येतो. त्या विरामात तिसऱ्यास “मदत हवी आहे” असे म्हणता येते. एकतर्फी बोलणारा विराम घेत नाही व ऐकतही नाही. त्याच्याच लहरीवर कोणी संकटग्रस्त हाक देत असेल, तर ती त्यास कळणारच नाही. एकतर्फी प्रक्षेपणाचा खरा धोका येथे आहे.

भारतातील स्थिती

भारतात केंद्र सरकारने 1978 साली हौशी सेवेसाठी नियम केले. त्यांतही संगीत, करमणुकीचे कार्यक्रम, बातम्या, जाहिराती व व्यापारी मजकूर यांच्या प्रक्षेपणास मनाई करण्यात आली. 5 मे 2005 रोजी श्रीहरिकोटा येथून हॅमसॅट हा भारतीय उपग्रह हौशी चालकांसाठी सोडण्यात आला. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीच्या लाटा अंदमानात थडकल्या, तेव्हा भारतीय हौशी चालकांचे एक पथक हौसेच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअर येथे आलेले होते. दूरध्वनी बंद पडल्यावर या पथकाने आपली हौस बाजूस ठेवून बेटांवरील लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोचविले.

सर्वांना ऐकविण्याची गरज खरी आहे, तिचा मार्ग मात्र वेगळा आहे, हेही विद्यार्थ्यांस सांगावे. 2006 च्या धोरणाने आपल्या देशात स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्र काढण्याची वाट मोकळी झाली. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे उभी राहिलेली माणदेशी तरंग वाहिनी हे त्याचे जवळचे उदाहरण होय. दवंडीस तिची जागा आणि संभाषणास त्याची जागा दिली, म्हणजे दोन्ही नीट चालतात.

वर्गातील कृती

पहिली कृती : एका विद्यार्थ्यास फळ्याकडे पाठ करून उभे करावे व त्याच्या हाती एक आकृती द्यावी, उदाहरणार्थ, चौकोनात वर्तुळ आणि वर्तुळाखाली त्रिकोण. त्याने ती शब्दांनी सांगावी व इतरांनी प्रश्न न विचारता काढावी. नंतर दुसरी आकृती देऊन प्रश्न विचारण्याची मुभा द्यावी. दोन्ही वेळच्या कागदांची तुलना करावी. एकतर्फी बोलण्यात चूक कोठे झाली हे बोलणाऱ्यास कळत नाही, हा अनुभव येथे प्रत्यक्ष मिळतो.

दुसरी कृती : चार टिचक्या, विराम, दोन टिचक्या असा ऑस्करचा संकेत बाकावर वाजवावा. प्रथम सावकाश, मग जलद वाजवून “उपग्रहाच्या आत काही बदलले आहे” हे केवळ गतीवरून ओळखावयास सांगावे.

तिसरी कृती : पुढील प्रसंग वाचून दाखवावेत आणि अमेरिकेच्या नियमांप्रमाणे निर्णय व कारण विचारावे.

(अ) एक चालक शेजाऱ्यांच्या करमणुकीसाठी गाणी लावतो. (मनाई. संगीत आणि सार्वजनिक प्रक्षेपण, दोन्ही दोष.)
(आ) एक चालक दर रविवारी हौशी परीक्षेचे स्थळ व तारीख इतर चालकांना सांगतो. (मान्य. निवेदन.)
(इ) तोच चालक त्यानंतर आपल्या दुकानातील मालाचे भाव सांगतो. (मनाई. आर्थिक हित व निवेदनाबाहेरचा मजकूर.)
(ई) पुराने तारा तुटल्या आहेत. धरणाखालच्या वस्तीस धोका असल्याचे एक चालक नभोवाणी केंद्रास कळवितो. (मान्य. जीवितरक्षण, अन्य साधनाचा अभाव.)
(उ) एक चालक यंत्र जुळविण्याच्या नावाखाली अर्धा तास संकेत चालू ठेवतो. (मनाई. ‘थोडा वेळ’ ही अट मोडली.)

निर्णय चुकला तरी कारण विचारपूर्वक दिले असल्यास त्याचे कौतुक करावे.

उपसंहार

सर्व सवलतींकडे एकत्र पाहिले असता त्यांतील सूत्र ध्यानी येते. हाक उत्तरासाठी असते, चाचणी पुढील बोलण्यासाठी असते, मोर्सचे पाठ विद्यार्थ्यासाठी असतात, दूरमापन निरीक्षकासाठी असते आणि संकटातील हाक जिवासाठी असते. प्रत्येक ठिकाणी एकतर्फी बोलणे कोणाच्या तरी गरजेस उत्तर देते आणि ती गरज भागताच थांबते. जेथे असे कोणी नाही, तेथे नियमाने मनाई केली आहे.

खेड्यातील शाळेत एकच शिक्षक दोन-दोन, तीन-तीन वर्ग सांभाळतो तेव्हा एका वर्गास पाठ सांगून दुसऱ्याकडे वळावे लागते, हे उघड आहे. अशा वेळी एकतर्फी सांगणे टाळता येत नाही. परंतु सांगणे थोडे असावे, ते कोणासाठी आहे हे ठाऊक असावे आणि मागल्या बाकावरील मुलाने हात वर केला तर तो दिसेल एवढा विराम त्यात असावा. मोर्सचे धडे देणाऱ्या केंद्रास नियम हेच सांगतो. वर्गासही ते गैरलागू नाही.

स्वाध्याय

1. हाक, संभाषण व दवंडी यांतील भेद स्वतःच्या गावातील उदाहरणांनी स्पष्ट करा.
2. ‘ऐकू येणे’ व ‘ऐकविण्यासाठी बोलणे’ यांत नियमाने कोणता फरक केला आहे?
3. मोर्सची परीक्षा रद्द झाल्यावरही मोर्सच्या पाठांची सवलत का ठेवली असावी? दहा ओळींत लिहा.
4. 14,150 ते 14,350 किलोहर्ट्झ या भागात प्रत्येकी 3 किलोहर्ट्झची किती संभाषणे मावतील? (उत्तर : 66)
5. गावातील ध्वनिवर्धकाच्या वापरासाठी वर्गाने मिळून पाच नियम व दोन सवलती तयार कराव्यात आणि प्रत्येक सवलतीपुढे तिचे कारण लिहावे.